खिन्न माणसाची सोबत



घरातले कुणी आठवडेच्या आठवडे गप्प बसून राहिले, त्याची अन्नावरची वासना उडाली, रात्र रात्र डोळा लागेना, की आपण त्याला सांगतो, "जरा फिरून ये, वेळेवर जेव, मन रमव." सल्ला चुकीचा नाही. रोजचे चालणे, ठरल्या वेळी झोपणे-उठणे, चार माणसांत मिसळणे, दारूपासून दूर राहणे यांनी नैराश्याचा भार हलका होण्यास मदत होते, असे डॉक्टरही सांगतात. पण ज्याचे पाऊलच उचलत नाही त्याला 'चाल' म्हणून सोडून देणे न्यायाचे आहे काय? तो उठला नाही की आपण त्याला आळशी ठरवतो. काही जण तर त्याची श्रद्धाच कमी पडली म्हणतात. आजार आहेच, वर हा ठपका!

गोव्यात 'संगत' नावाची संस्था 1996 पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिने नैराश्याच्या रुग्णांवर एक उपचार करून पाहिला. त्याचे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उपचार करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली तिथलीच साधी माणसे होती. केंद्रात किंवा घरी जाऊन सहा ते आठ वेळा भेटायचे आणि रुग्णाच्या हातून सुटलेली कामे त्याला थोडी थोडी पुन्हा धरायला लावायची, एवढेच मुख्यतः ते करीत. तीन महिन्यांनी त्या रुग्णांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आलेले आढळले. ज्यांना ही सोबत मिळाली नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण 39 टक्के होते. मन बरे झाले की उठू, असे आपण धरून चालतो. इथे माणूस आधी उठला, मन मागाहून आले.

जुन्या करारातील एलिया संदेष्टा आठवावा. रानातल्या झुडपाखाली पडून तो देवाकडे मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. स्पर्श करून उठवले, भाकर आणि पाणी पुढे केले. एलिया खाऊन पुन्हा झोपला, तेव्हा रागावलाही नाही. दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातले. होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची आहे.

साताऱ्यात चार भिंतींकडे पहाटे फिरायला जाणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. आणखी एकाला बरोबर घेणे त्यांना जड नाही. पावसाळ्यात घरातल्या घरात चालावे, भाजी निवडायला बसावे. मोबाईलवर रोज सुविचार पाठवणे म्हणजे सोबत नव्हे, हे ओघाने आलेच. गोळ्या चालू असतील तर फिरण्याने बरे वाटते म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि कुणी जीव नकोसा झाल्याचे बोलले तर त्याला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. 'टेली-मानस'च्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही.

आपल्या शेजारच्या बाकावरची जागा कित्येक रविवार रिकामी असेल, तर आज मिस्सा आटोपल्यावर त्या घरी जाऊ. बाहेर पडायला तो नाही म्हणाला तर बसू, चहा घेऊ, आणि मंगळवारी पुन्हा जाऊ.