नाव तेच, काम भलत्याचं

लिनक्सवर प्रोग्रॅम मेमरी मागतो, फाइल उघडतो, वेळ विचारतो. पण ही कामं करणारा कोड बहुधा त्याच्याजवळ नसतोच. असतात ती फक्त नावं: मॅलॉक, ओपन, टाइम. सुरुवातीला डायनॅमिक लिंकर लायब्ररींच्या रांगेत ती शोधतो आणि जिथे नाव आधी सापडेल तिथलं फंक्शन जोडून देतो. ‘एलडी_प्रीलोड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने या रांगेत सी लायब्ररीच्या पुढे आपली लायब्ररी घुसवता येते. मूळ प्रोग्रॅमला हातही लावावा लागत नाही.

डेबियनच्या जगातलं फेकरूट हे साधन याच युक्तीवर उभं आहे. पॅकेजमधल्या फाइली रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, मालकीच्या दिसायला हव्यात, पण तेवढ्यासाठी खरा रूट अधिकार कोण देणार? फेकरूट मालकी बदलण्याची मागणी मधेच अडवतं, ‘झालं’ म्हणून सांगतं आणि नोंद ठेवतं. पुढे फाइली एकत्र बांधणाऱ्या टारने मालक कोण असं विचारलं, की त्या नोंदीतून उत्तर देतं. डिस्कवर काहीच बदललेलं नसतं, पॅकेज मात्र अस्सल तयार होतं!

ही लबाडी मला गैर वाटत नाही, कारण फसतो तो माझ्याच अधिकारात चालणारा प्रोग्रॅम. कर्नल फसत नाही. फेकरूटमध्ये शिरून पासवर्डची शॅडो फाइल काही उघडत नाही. सुडोसारखे सेटयूआयडी प्रोग्रॅम वापरणाऱ्यापेक्षा जास्त अधिकाराने चालतात, म्हणून तिथे लिंकर आपण पुढे केलेली लायब्ररी नाकारतो. रेषा नेमकी जागेवर आहे. घुसखोराचं रूटकिट ती उलट्या बाजूने ओलांडतं: आधी रूट मिळवायचं, मग फोल्डरमधल्या फाइली वाचून देणारं रीडडिर बदलून स्वतःच्या फाइली यादीतून गाळायच्या. तिथे फसतो तो समोर बसलेला माणूस.

या मोकळेपणाला किंमत आहे. कुठलंही फंक्शन बाहेरून बदललं जाऊ शकतं म्हटल्यावर कंपायलरचे हात बांधले जातात. पायथॉन ३.१० ने २०२१ मध्ये आपल्या अंतर्गत फंक्शनांपुरती ही मुभा काढली, तेव्हा शेअर्ड लायब्ररीवाली बांधणी ३० टक्क्यांपर्यंत वेगवान झाली. ते पटतं. गो भाषेतले प्रोग्रॅम मात्र लिनक्सवर सहसा सी लायब्ररीला वगळून थेट कर्नलशी बोलतात, आणि तिथे माझं मन अडतं. जुन्या बिलिंग प्रोग्रॅमला याच युक्तीने खोटी वेळ सांगणाऱ्या लिबफेकटाइमने २९ फेब्रुवारी दाखवून तपासता येतं; गोमधल्यासाठी एक तर अख्ख्या मशीनचं घड्याळ हलवायचं, नाहीतर लिहिणाऱ्याने तशी सोय ठेवली आहे का ते बघायचं.