स्वभावाला औषध नाही?



आजाऱ्याला भेटून जिना उतरताना आपल्यापैकी कुणीतरी हमखास म्हणतो, "स्वभावच तापट, मग हार्ट अटॅक येणारच!" दुसरा म्हणतो, "सगळं मनात ठेवायची, म्हणून कॅन्सर झाला." आताच प्रार्थना करून निघालेले आपण पायरीवरच न्यायाधीश होतो.

स्वभावाचा आणि आजाराचा काहीच संबंध नाही, असे नाही. सतत घाईत असणाऱ्या, चढाओढ करणाऱ्या, चटकन चिडणाऱ्या माणसांना हृदयविकार अधिक होतो, असे सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर फ्रीडमन आणि रोझेनमन यांनी १९५९ साली मांडले. पुढच्या अभ्यासांत घाईवरचा आरोप बराचसा गळून पडला. मनात धरलेल्या वैराचा धागा तेवढा थोडाफार उरला. मनात ठेवल्याने कॅन्सर होतो, ही समजूत मात्र टिकली नाही. तिला बळ देणारे मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांचे २६ शोधनिबंध भरवशाचे नाहीत, असे त्यांच्याच लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या चौकशीने २०१९ साली ठरवले.

काही आजारांची मुळे तर स्वभाव घडण्याआधीच रुजतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्या बारीक अंगातही चरबी त्या मानाने जास्त. पुढच्या मधुमेहाची तयारी अशी आईच्या पोटातच होऊ शकते. त्या बाळाचा कोणता स्वभाव, कोणता दोष?

आपल्या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट रोज दिसते. शिफ्ट बदलते, झोप मोडते, जेवण अवेळी होते. अपुऱ्या झोपेने माणूस चिडतो, आणि मधुमेह व रक्तदाबाचा धोकाही वाढतो. ज्याला आपण तापट स्वभाव म्हणतो, तो पुष्कळदा रात्रपाळीचा शीण असतो.

जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले आणि त्याला दृष्टी दिली (योहान, अध्याय ९).

मग स्वभाव सुधारायचाच नाही का? जरूर सुधारायचा. पण आपल्या रागाचा चटका घरच्यांना बसतो म्हणून. आजाराविरुद्ध विमा म्हणून नव्हे. बाळ येशूची संत तेरेजा सोशिकच होती. तरी १८९७ साली, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, ती क्षयाने गेली.

या आठवड्यात आजाऱ्याकडे जाताना "कशाने झालं?" हा प्रश्न घरीच ठेवू या. त्याऐवजी विचारू या, "दवाखान्यात सोबत कोण येतं? मी येऊ का?" आजाऱ्याच्या स्वभावाला औषध असो वा नसो, आपल्या या न्याय करण्याच्या सवयीला नक्कीच आहे.