घाट नसलेलं बेट

भिलाईच्या एका सेक्टरमधल्या क्वार्टरात राहणाऱ्या आठवीतल्या मुलीनं एक राज्य वसवलं होतं. त्याचं नाव सप्तद्वार. दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर नकाशा, शेवटच्या पानांवर राजांची वंशावळ आणि मधे सगळा इतिहास. चहूकडे समुद्र, मधोमध बेट, बेटाला तटबंदी आणि तटाला सात दारं, प्रत्येक दार वेगळ्या धातूचं. सातवं पोलादाचं. शाळेत जाता-येता प्लांटची धुराडी बघणाऱ्या मुलीच्या कल्पनेत पोलाद येणारच.

सप्तद्वारच्या राजाकडे एक मोती होता. तो तळहातावर धरला की गेलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. मोती चोरीला जाईल या धास्तीनं राजाची झोप उडाली. त्यानं एका निरपराध तपस्व्यावर चोरीचा आळ घेतला, तपस्व्यानं शाप दिला आणि अवसेच्या एका रात्रीत समुद्रानं सगळं राज्य गिळलं. माणूस उरलं नाही, पाखरूही उरलं नाही.

तिचे आजोबा मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी प्लांटमध्ये लागले आणि रेल मिलमध्ये शिफ्टा करता करता निवृत्त झाले. नात वाचायची, ते मन लावून ऐकायचे. राज्य बुडाल्याचं पान तिनं वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, खरं बेट पाहायचं का? आपल्या शिवनाथमधेच आहे."

शिवनाथ तिला माहीत होती ती नागपूरला जाताना दुर्ग सुटल्यावर गाडीच्या खिडकीतून दिसणारी नदी म्हणून. तीच नदी पुढे सिमग्याजवळ खारुनला पोटात घेते आणि आणखी खाली, मुंगेली जिल्ह्यात बैतलपूरजवळ, दोन धारांत फाटते. त्या दोन धारांच्या मधे मदकू बेट आहे. मांडूक्य ऋषींचा आश्रम इथं होता, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा.

काठावर एक म्हातारा केवट डोंग्यातलं पाणी डब्यानं उपसत बसला होता. पाणी काढून होईपर्यंत थांबावं लागणार होतं, म्हणून मुलीनं वही उघडली. केवटानं मान वाकडी करून नकाशा पाहिला. सातही दारांवरून त्याचं ओलं बोट फिरलं, समुद्रावरून फिरलं आणि थांबलं.

"बने बनाए हस, नोनी. फेर घाट कहाँ हे?"

घाट नव्हता. मुलीनं दारं दाखवली. दारं झाली, केवट म्हणाला, पण डोंगा लागतो कुठे? बेटावर मीठ कुठून येतं? लग्न होऊन आलेली सून कुठल्या पायरीवर उतरते? आणि पलीकडच्या काठावर कोणतं गाव आहे? पलीकडे मुलीनं नुसती निळी पेन्सिल फिरवली होती. तिला उत्तर सुचेना. हे प्रश्न ज्याला पडतात तो रोज दोन्ही काठ बघणारा माणूस असतो. राजवाड्याच्या गच्चीवरून ते दिसत नाहीत.

डोंगा सुटला. जाता जाता केवट पाण्याविषयी बोलत राहिला. वर दुर्गकडे मोठा पाऊस झाला की इथं पाणी आधी गढूळ होतं, मग काडीकचरा वाहत येतो, मग फेस. फेस दिसला की कुणाची वाट न बघता डोंगा वर ओढायचा. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं.

बेटावर झाडीत शिरल्यावर देवळांची रांग दिसली. 2011 मध्ये छत्तीसगढच्या पुरातत्त्व विभागानं इथं खोदकाम केलं तेव्हा मातीखालून 19 देवळांचे अवशेष निघाले, कलचुरी राजांच्या काळातले, दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचे. सुटे पडलेले दगड जुळवून देवळं पुन्हा उभी केली आहेत. मुलीनं दोन दगडांच्या सांध्यात बोट घातलं आणि ते तसंच ठेवून विचारलं, "म्हणजे 2011 पर्यंत हे बेट हरवलेलंच होतं ना?"

केवटाला हा प्रश्न मुळीच कळला नाही. आजोबांनी छत्तीसगढीत समजावून सांगितला तेव्हा तो हसला. पौषी पौर्णिमेला, छेरछेराच्या सणाला, इथं मेळा भरतो. ख्रिस्ती समाजाचा मेळा 1909 पासून भरत आला आहे. त्याच्या आजाच्या काळातही माणसं डोंग्यात दाटीवाटीनं बसून येत. देवळं मातीखाली होती, बेट कधीच नव्हतं.

"मग हरवलं कुणाचं होतं?" मुलीनं आजोबांना विचारलं.

"ज्यांनी विचारलं नाही, त्यांचं."

परतीच्या गाडीत ती पुन्हा राजांवर आली. ही देवळं ज्यांच्या काळातली, त्या राजांना कुणाचा शाप लागला? आजोबांनी सांगितलं की कलचुरींनी रतनपुरातून सुमारे सातशे वर्षं राज्य केलं. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन आले आणि रतनपूर पडलं. पुढे 1758 पासून बिंबाजी भोसले तिथं राहून कारभार पाहू लागले. समुद्र आला नाही, शाप लागला नाही, तरी राज्य गेलं.

"नागपूरहून? म्हणजे आपल्याकडचेच?"

"हो. आपल्याकडचेच."

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "आणि केवट?"

"त्यानं दुसऱ्या दिवशी डोंगा सोडलाच असेल. फौजेलाही नदी ओलांडायचीच होती."

त्यानंतर सप्तद्वारचा इतिहास पुन्हा लिहिला गेला. तपस्वी आणि त्याचा शाप तिनं खोडून टाकला. मोती ठेवला. आता राजा मोत्यापायी एवढा भ्याला की त्यानं घाट फोडला, डोंगे जाळले आणि केवटांना बेटावरून हाकलून पलीकडच्या काठावर पाठवलं. घाटच नाही तर चोर येणार कुठून? दरबारानं राजाच्या शहाणपणाचं कौतुक केलं. मीठ संपलं तेव्हा अळणी खाण्यातला मोठेपणा सांगणारा एक कवीही दरबाराला मिळाला.

मग एका वर्षी पाणी गढूळ झालं. काडीकचरा आला. बेटावर त्याचा अर्थ लावणारं कुणी नव्हतं. पलीकडच्या काठावर एका केवटिणीला फेस दिसला. हाकललेल्यांपैकीच ती, तिचा डोंगा राजाच्याच माणसांनी जाळलेला. तरी ती ओरडली. वारा उलटा होता, आवाज पोचला नाही. तिनं मुलांना हाताशी धरून काठाकाठानं जाळ पेटवले, बेटावरच्यांचं लक्ष जावं म्हणून. तटावरच्या पहारेकऱ्यांनी जाळ पाहिले आणि शत्रूचा तळ पडला असं समजून सातही दारं आतून बंद केली. पोलादाचं दार सगळ्यात घट्ट बसलं.

ही गोष्ट पुढे केवटिणीच्या नातवंडांनी सांगितली. आधीच्या वहीत सगळेच मेले होते, आणि मग ही गोष्ट सांगितली कुणी, हे मुलीनं कधी मनात आणलंच नव्हतं.

आजोबांना ही नवी गोष्ट आवडली. मुलगी मात्र वहीत आणखी एक नकाशा काढू लागली होती, भिलाईचा. सेक्टर, प्लांट, मैत्री बाग, सगळं पटापट झालं. शाळेत शिकलेलं तिला पाठ होतं: 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. त्याआधीच्या भिलाईसाठी तिच्याकडे निळ्या पेन्सिलीखेरीज काही नव्हतं. रिसाली, मरोदा, रुआबांधा, खुर्सीपार ही नावं ती रोज ऐकत होती, पण ती गावं होती, तिथं भात पिकत होता आणि प्लांट-टाउनशिपसाठी लोकांनी जमिनी सोडल्या, हे कुठल्या धड्यात आलं नव्हतं.

रविवारी आजोबांबरोबर ती बाजारात गेली. लाल भाजी विकणाऱ्या एका म्हातारीसमोर तिनं वही धरली आणि विचारलं, इथं आधी काय होतं? म्हातारीनं आधी भाजीचा भाव सांगितला. मग प्रश्न नीट कळल्यावर जुडी खाली ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि एक सेक्टर जिथं काढला होता तिथं बोट टेकवलं. इथं तिच्या माहेरचा तरिया होता, म्हणजे तळं. शेजारची मिरचीवाली म्हणाली, इथं नाही, ओती, आंब्याच्या पलीकडे. दोघींचं वाजलं. आणखी दोन बाया येऊन वाकल्या, एकीनं आंबाच दुसरीकडे नेला. मुलीनं खोडरबर काढलं, तळं पुसलं, पुन्हा काढलं.

"लिख, नोनी," म्हातारी म्हणाली, "हमर तरिया मा दू घाट रिहिस." एक बायकांचा आणि एक गुरांचा, आणि बायकांच्या घाटावर पायऱ्या किती होत्या तेही तिला आठवत होतं. मुलगी तिच्याजवळ पोत्यावर बसली आणि पायऱ्या काढू लागली.