सांठविलेलें पाणी कोणाचें?

होळी पेटून गेली कीं आपल्या जिल्ह्यांत दोन चिंता एकदमच घरांत शिरतात: घर गार कसें राहील, आणि पाणी पुरेल कसें. ज्या वस्तीवर विजेची तार पोहोंचली आहे तिला या चिंता कमी, असें वरवर दिसतें. परंतु विहिरीनें तळ दाखविला म्हणजे तारेचा काय उपयोग? आणि जेथें तार नाहीं, किंवा असूनही उन्हाळ्यांत अर्धा दिवस निजलेली असते, तेथील कुटुंबास पंखा, फ्रिज व मोटर या तिहींवांचून चैत्र-वैशाख काढावयाचे असतात. अशा घरानें पाणी सांठवावें, हें सांगावयास उपदेशकाची गरज नाहीं. परंतु सांठविणें कोठें संपतें आणि दाबून ठेवणें कोठें सुरू होतें, हा प्रश्न आम्हांस बराच काळ विचार करावयास लावीत आहे. गांवोगांवच्या मंडळ्यांनींही त्याचा विचार करावा म्हणून तो येथें मांडीत आहों.

प्रथम माठाविषयीं दोन शब्द. माठांतलें पाणी गार कां होतें? माठ झिरपतो म्हणून. भाजलेल्या मातीच्या अंगास बारीक छिद्रें असतात. त्यांतून पाणी बाहेर येतें, कोरड्या वाऱ्यानें त्याची वाफ होते, आणि ती वाफ जातांना आंतल्या पाण्याची उष्णता बरोबर घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास इतकी उष्णता लागते कीं, ती सर्व माठांतूनच घेतली गेली तर ५० लिटर पाणी १० अंशांनीं निवावें. प्रत्यक्षांत बाहेरची झळ सारखी आंत येत असते, म्हणून लाभ इतका पडत नाहीं. पारनेर-जामखेडच्या कोरड्या हवेंत माठ चांगला गार पडतो आणि कोकणच्या दमट हवेंत तितका पडत नाहीं, याचेंही कारण हेंच. मचूळ पाण्याच्या क्षारांनीं छिद्रें बुजलीं कीं जुना माठ निकामी होतो व कुंभाराकडे जावें लागतें. उलट प्लास्टिकचें पिंप एक थेंबही दवडीत नाहीं, आणि दुपारीं त्यांतलें पाणी तोंडांत धरवत नाहीं.

टंचाईच्या दिवसांत माठ दिवसाला तांब्याभर पाणी उडवून टाकतो, ही उधळपट्टी आहे, असें एखादी काटकसरी गृहिणी म्हणेल. आम्ही तिच्याशीं वाद घालणार नाहीं. पण उन्हांतून आलेल्या माणसास गार पाणी मिळावें म्हणून गेलेला तांब्या आम्ही वायां गेला असें समजत नाहीं. नायजेरिया देशांत मोहम्मद बाह अब्बा नांवाच्या शिक्षकानें एका मडक्यांत दुसरें मडकें ठेवून मध्यें ओली वाळू भरली आणि त्यांत भाजीपाला टिकवून दाखविला. त्यास २००० साली मोठें पारितोषिक मिळालें. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें १९८० च्या दशकांत विटांच्या दुहेरी भिंतींत ओली वाळू भरून विजेवांचून चालणारी थंड कोठी तयार केली, तींतही हेंच तत्त्व. दोन्ही ठिकाणीं थोडें पाणी द्यावें लागतें, तेव्हां गारवा मिळतो.

घराचेंही असेंच. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत दुपारचें ऊन सायंकाळपर्यंत बाहेर थोपवून धरते. पत्र्याचें घर अकरा वाजतां भट्टी होतें. तरी धाब्याची फार स्तुति करणें प्रामाणिक नाहीं. तें गळतें, दरवर्षीं त्यावर माती टाकावी लागते, वाळवी लागते, आणि एकदां पत्रा घातलेला मनुष्य त्याकडे परतत नाहीं. मग पत्र्यावरच चुन्याचा पांढरा हात द्यावा, किंवा चुलीच्या ठिणगीपासून दूर असेल तेथें कडबा पसरावा. अंगणांत सडा घालण्यास हात-पाय धुतलेलें पाणी पुरे. पिण्याचें पाणी तेथें ओतूं नये.

सांठवणीचा शेजाऱ्याशीं पहिला संबंध येतो तो रोगाच्या वाटेनें. पायऱ्यांच्या विहिरींत नारू झालेला मनुष्य पाय बुडवून पाणी भरी, आणि सारें गांव वर्षभरानें तें दुःख भोगी. तो रोग औषधानें गेला नाहीं. पाणी दुहेरी फडक्यानें गाळल्यानें आणि विहिरींत पाय न घातल्यानें गेला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला व २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आज उघड्या टाकींत व टिपाडांत डेंग्यूचे डांस वाढतात. म्हणून आठवड्यांतून एकदां भांडें रिकामें करून, घांसून कोरडें करावें असें आरोग्य खातें सांगतें. पाणी तिसऱ्या दिवशीं येणाऱ्या घरास हें जड जातें हें खरें, पण झांकण तरी घट्ट बसवितां येतें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. आमच्या मतें सांठवण योग्य कीं अयोग्य हें ती किती मोठी आहे यावरून ठरत नाहीं. तें पाणी कोठून आलें यावरून ठरतें. वाहून जाणारें पाणी अडविणें ही एक गोष्ट, आणि थांबून राहिलेलें पाणी उपसून आपल्या कुंपणांत आणणें ही दुसरी. पहिल्याचें उदाहरण पत्राच. तीनशें चौरस फूट पत्र्यावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे सुमारें १४,००० लिटर होतात. पांच माणसांच्या कुटुंबास पिण्या-रांधण्यापुरतें दर माणशीं पांच लिटर धरलें तर फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांस ३,००० लिटर लागतात. म्हणजे दिवा नसलेल्या घराच्या डोक्यावर त्याच्या उन्हाळ्याच्या चौपटीहून अधिक पाणी पडतें, आणि पन्हळीअभावीं तें अंगणांतला चिखल होऊन ओढ्यास मिळतें. हें पाणी जो धरील त्यानें कोणाचेंही कांहीं घेतलें नाहीं.

दुसऱ्या प्रकारास जमिनीची घडण कारण आहे. आपल्या पायाखालीं काळा खडक आहे. त्याच्या वरच्या कुजलेल्या थरांत, मुरुमांत आणि भेगांतच काय तें पाणी राहतें. तें एका शेताच्या बांधाशीं थांबत नाहीं. माझा बोअर खोल गेला तर तुमचा आड आटतो. असें असतांना शेततळ्यांचें काय झालें पाहा. २०१६ साली सरकारनें ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तिचा हेतु पावसाचें वाहतें पाणी अडवावें हा होता. परंतु आपल्या जिल्ह्यांत व इतरत्रही पुष्कळ तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरून, हिवाळ्यांत विहिरीचें व बोअरचें पाणी उपसून, तें उन्हाळ्यांतल्या फळबागेसाठीं भरून ठेवलें जातें. जमिनींत तें झांकलेलें होतें व सर्वांचें होतें. वर आलें तें उघडें पडलें आणि एकाचें झालें. एप्रिल-मेच्या उन्हांत अशा तळ्यांतून दिवसाला बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका थर वाऱ्यावर जातो. माठही पाणी वाऱ्यावर सोडतो, परंतु त्याच्याबद्दल वाटसरूस गारवा देतो. हें तळें काय देतें? बागवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. डाळिंबाचीं झाडें एका उन्हाळ्यांत वाळलीं तर कित्येक वर्षांचें कर्ज डोक्यावर राहतें, आणि त्यास ही वाट सरकारी अनुदानानेंच दाखविली. म्हणून आम्ही त्यास चोर म्हणणार नाहीं. पण त्याच्या तळ्याच्या काठावर उभें राहून, खालच्या वाडींतली बाई अर्धी कळशी भरण्यास तासभर कां बसते, हें त्यानें स्वतःस विचारावें.

टँकर येतो तेव्हां हाच प्रकार लहान रूपानें दिसतो. टँकर विहिरींत रिकामा होतो आणि ज्याच्याजवळ पिंपें अधिक, बैलगाडी अधिक, हात अधिक, त्याच्या घरीं पाणी अधिक जातें. एकटी म्हातारी दोन कळशा घेऊन येते तोंवर गाळ वर आलेला असतो. कोणी कोणास ढकललें नाहीं, कोणी खोटें बोललें नाहीं. तरी अन्याय झाला, कारण हक्क माणसानें न मोजतां भांड्यानें मोजला गेला. जलजीवन योजनेनें २०१९ साली दर माणशीं दिवसाला ५५ लिटर हें माप धरलें. माप अपुरें असेल, पण तें माणशीं आहे, पिंपामागें नाहीं, एवढी गोष्ट त्यांत चांगली आहे.

या बाबतींत आपल्या मंडळ्यांवर इतरांहून अधिक जबाबदारी आहे, असें आम्ही म्हणतों तें विचारपूर्वक. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे विहिरीपासून दूर घागर ठेवून, कोणी वरून पाणी वाढील म्हणून ताटकळत उभे राहत. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत असा ठराव बोले यांनीं १९२३ साली मुंबई कायदे कौंसिलांत संमत करविला. तरीही २० मार्च १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकरांना हजारों लोकांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावें लागलें, आणि हायकोर्टाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडलें. त्या तळ्यांत पाणी कमी नव्हतें. भरलेल्या तळ्याशेजारीं तहानेलें राहणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घराण्यांस ठाऊक आहे त्यांनीं आपल्या अंगणांतल्या टाकीकडे कसें पाहावें?

येथें योसेफाचें उदाहरण हटकून दिलें जातें. सुकाळाच्या सात वर्षांत त्यानें पिकाचा पंचमांश सांठविला, म्हणून दुष्काळांत मिसर देश वांचला. उदाहरण चांगलें आहे. त्यानें विपुलतेंतून घेतलें, टंचाईंतून नव्हे. परंतु उपदेश बहुधा उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायावरच थांबतो. ४७ व्या अध्यायांत त्याच कोठारांतलें धान्य लोकांस प्रथम पैशानें, मग गुरांच्या बदल्यांत, आणि शेवटीं जमिनी व स्वतः त्यांचे देह देऊन घ्यावें लागलें. कोठाराची किल्ली एका हातीं गेली म्हणजे काय होऊं शकतें, हेंही पवित्र शास्त्रानें लपविलेलें नाहीं.

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार या गांवानें किल्ली एका हातीं जाऊं दिली नाहीं. तेथें पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हांपासून डोंगरावर चर व बांध घालून पाणी मुरविलें गेलें. पण आम्हांस विशेष वाटतो तो त्यापुढचा भाग. शेतीसाठीं बोअर घेण्यास गांवानें बंदी केली, उसासारखीं तहानेलीं पिकें वर्ज्य केलीं, आणि दरवर्षीं पावसाळा सरला कीं ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडावयाचा असें ठरविलें: आधीं माणसें व जनावरें यांचें पिणें, मग उरेल त्याप्रमाणें पीक. मुरविलेलें पाणी सर्वांचें, म्हणून उपसाही सर्वांच्या देखत. हें कायद्यानें झालें नाहीं. शेजाऱ्याच्या डोळ्यांस डोळा देतां आला पाहिजे, या लाजेनें झालें.

येथवर आमचें माप सरळ चाललें. पण एका ठिकाणीं तें अडतें. वाहतें पाणी अडविणारा कोणाचें घेत नाहीं, हें पत्र्यापुरतें खरें. नदीपुरतें खरें नाहीं. भंडारदऱ्यास १९२६ साली धरण पुरें झालें आणि प्रवरेकांठ हिरवा झाला. पुढें पैठणास जायकवाडी झाली. महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणानें २०१४ साली असें ठरविलें कीं, ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडींत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर नगर-नाशिकच्या वरच्या धरणांतून तें सोडावें. २०१६ साली हायकोर्टानेंही तें तत्त्व मान्य केलें. त्यावर आपल्या जिल्ह्यांत केवढा संताप झाला! आम्हांस तो कळतो. आपल्या पिकाच्या तोंडचें पाणी जातांना पाहणें सोपें नव्हे. परंतु वरच्या शेततळेवाल्यास आपण जें विचारतों तेंच मराठवाडा आपणांस विचारतो, आणि उत्तर देतांना आपण एकदम वरच्या बाजूचे होतों. नदीचें पाणी नेमकें किती अडवावें हें तज्ज्ञांनीं सांगावें. त्याचा आंकडा प्रस्तुत लेखकाजवळ नाहीं. खालीं माणसें आहेत, हें धरून हिशेब सुरू व्हावा, इतकेंच आम्ही म्हणतों.

पावसाळ्यास अद्याप अवकाश आहे, तोंवर करण्याजोगें एक काम सुचवितों. बहुतेक गांवीं मंडळीच्या उपासनामंदिरास चांगला मोठा पत्रा किंवा कौलारू छप्पर असतें, आणि त्याचें पाणी कोणाच्याच उपयोगास येत नाहीं. तेथें पन्हळ बसवून एक झांकलेली टाकी बांधावी. पहिल्या एक-दोन सरींचें पाणी धुळीचें व पक्ष्यांच्या विष्ठेचें असतें, तें बाहेर सोडून द्यावें. नंतरचें फडक्यांतून आंत घ्यावें, आणि पिण्यापूर्वीं उकळावें किंवा त्यांत जंतुनाशक टाकावें. तें मंडळींतल्यांसच द्यावें कीं वस्तींतल्या सर्वांस, हें टाकी बांधण्यापूर्वीं ठरवावें, कारण वैशाखांत तें ठरविणें जमत नाहीं. तोटीस कुलूप असावें कीं नसावें यावर मतभेद होईल. आमचें मत नसावें असें आहे. पण ज्या भगिनी रोज तेथें भांडें लावणार आहेत त्यांचें मत आधीं ऐकावें.