छायाचित्र आणि नयवाद

धाराशिव शहरालगतच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांत पार्श्वनाथाच्या मूर्ती आहेत, आणि जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामातील पाहणीवरून लिहिलेला, १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल या लेण्यांना जैन ठरवतो. ती मुळात बौद्ध असून पुढे जैनांनी आपलीशी केली, असे मत नंतरच्या काही अभ्यासकांनी मांडले. ज्या जिल्ह्यात एकाच दगडाकडे असे दोन दृष्टींनी पाहिले गेले, तेथे छायाचित्रकलेविषयीचा एक जुना प्रश्न जैन तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत मांडणे अप्रस्तुत ठरू नये. एकच वस्तू निरनिराळे छायाचित्रकार निरनिराळ्या शैलींत दाखवतात, तेव्हा तो भेद वस्तूत असतो की पाहणाऱ्यात?

सामान्य उत्तर असे की वस्तू एकच असते आणि शैली ही पाहणाऱ्याची आवड असते. जैन विचार हे मान्य करत नाही. त्याच्या मते वस्तू अनंतधर्मात्मक, म्हणजे अगणित गुणधर्मांनी युक्त असते, आणि ‘नय’ म्हणजे त्यांपैकी एखाद्या अंगाला धरून वस्तू जाणण्याची रीत. ती अपुरी असली तरी खोटी नसते, कारण तिने पकडलेले अंग वस्तूतच असते. आंधळे आणि हत्ती यांची गोष्ट या संदर्भात वारंवार सांगितली जाते, पण तिच्यातून सगळेच चुकले एवढेच मनावर ठसते. नयवादाचे म्हणणे याच्या जवळजवळ उलट आहे. चूक होते ती एखादा नय इतर नयांना नाकारू लागतो तेव्हा, आणि अशा आग्रही नयाला ‘दुर्नय’ म्हणतात.

तेर येथील त्रिविक्रम मंदिर हे याचे विटांत बांधलेले उदाहरण आहे. हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे दाखवून दिले. पुढच्या सपाट छताच्या मंडपासमोर, भाविकाच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा ठेवला तर विष्णुमंदिराचे चित्र मिळते. तोच कॅमेरा बाजूला किंवा मागे नेला की गजपृष्ठाकार छत आणि अर्धवर्तुळाकार पाठभिंत दिसू लागते आणि चित्र चैत्यगृहाचे होते. दोन्ही चित्रे खरी आहेत. पुरातत्त्वीय छायाचित्रणाची सगळी पद्धत, म्हणजे सपाट प्रकाश, सरळ उभ्या रेषा आणि मोजमापासाठी क्वचित शेजारी उभा केलेला माणूस, दुसऱ्या प्रकारच्या चित्रासाठी घडलेली आहे, आणि त्या पद्धतीत पूजा हा वास्तूचा धर्म नसून अडथळा ठरतो, हे तिचे दुर्नयाकडे झुकणे होय.

तुळजापूरच्या भवानीच्या बाबतीत हा भेद आणखी ठळक होतो. मूर्ती काळ्या पाषाणाची, अष्टभुजा, महिषासुरमर्दिनीच्या रूपातील आहे. मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकाला ती वस्त्रालंकारांवाचून आणि एका बाजूने येणाऱ्या तिरप्या प्रकाशात हवी असते, कारण तसा प्रकाश कोरीव कामाच्या कडेला सावली पाडतो आणि हातांतील आयुधे, पायाखालचा महिष वेगळे ओळखता येतात. भाविकाला मात्र समोरून घेतलेले चित्र लागते. त्यात पाषाणाचा बहुतेक भाग महावस्त्र आणि दागिन्यांखाली झाकलेला असतो, उरतो तो मळवट भरलेला मुखभाग आणि पाहणाऱ्याकडे रोखलेले डोळे. समोरच्या प्रकाशाने खोली नाहीशी होते, हा तांत्रिक दोषच आहे. परंतु दर्शन म्हणजे भक्ताने देवीला पाहणे आणि देवीने भक्ताला पाहणे असे परस्पर घडते, म्हणून हा दोष येथे कामाचा ठरतो. नवरात्रात मुरली, शेषशाही, भवानी तलवार अशा अलंकार महापूजा मांडल्या जातात आणि त्या प्रत्येकीचे वेगळे छायाचित्र भाविकांपर्यंत पोहोचते. एकाच पाषाणाची ही अनेक रूपे पुजाऱ्यांनी आधीच घडवलेली असतात. छायाचित्रकार त्यांच्या मागून येतो.

मराठी छायाचित्रकारांत वारीवर झालेले काम अशा तुलनेला विशेष सोयीचे आहे. उद्धव ठाकरे यांनी ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) या पुस्तकात गडकोट आकाशातून टिपले आणि ‘पहावा विठ्ठल’ (२०११) मध्ये वारी विषय केली. उंचावरून पाहताना माणूस ठिपका होतो, दिंडी रेषा होते आणि समुदायाचा आकार हाच विषय ठरतो. अनेकांतील समान तत्त्व धरून त्यांना एक मानणारा ‘संग्रह’ नय तो हाच. संदेश भांडारे यांचे ‘वारी : एक आनंदयात्रा’ हे काम पालखीबरोबर चालणाऱ्याच्या उंचीवरून झालेले आहे, आणि तेथे समुदाय फुटून चेहरे, हात, मुक्कामावरचे स्वयंपाक दिसतात. संग्रहाने एक केलेले पुन्हा वेगळे करून पाहणाऱ्या नयाला ‘व्यवहार’ म्हणतात. यांपैकी दुसरी दृष्टी अधिक मानवी आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, कारण लाखो माणसे एकाच दिशेला चालत आहेत ही वस्तुस्थिती जमिनीवरून मुळीच दिसत नाही. सुधारक ओलवे यांची मुंबईतील सफाई कामगारांवरील कृष्णधवल छायाचित्रे व्यवहार नयाचाच कठोर प्रकार आहेत: रंग काढून घेतल्यामुळे घाणीचे किळसवाणेपण मागे पडते आणि माणसाचे शरीर पुढे येते.

प्रत्येक छायाचित्र मुळात ‘ऋजुसूत्र’ नयाचे, म्हणजे केवळ वर्तमान क्षणाचे असते, असा आक्षेप यावर येईल. तो पूर्णपणे टिकत नाही. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, तेथील निजामाचे छायाचित्रकार म्हणून पुढे नावाजलेले राजा दीनदयाळ यांनी १८७० च्या दशकात काम सुरू केले, तेव्हा ओल्या काचपट्टीवर प्रतिमा उमटायला बहुधा काही सेकंद लागत, आणि मंद प्रकाशात त्याहूनही जास्त. त्या अवधीत हललेला माणूस धुरासारखा पुसट होई किंवा दिसेनासाच होई. जुन्या छायाचित्रांतील देवळे अनेकदा निर्मनुष्य भासतात, त्याचे एक कारण रसायनात आहे. दीनदयाळ यांच्या चित्रांतील संथ भारदस्तपणाही काही अंशी याच तंत्राने दिलेला आहे. हलायचे नाही हे ठरल्यावर जो उभा राहतो तो दरबारी दिसतोच.

सात नयांतील शेवटचा ‘एवंभूत’ नय असे मानतो की एखादी वस्तू तिचे विशिष्ट कार्य करत असतानाच त्या नावाला पात्र असते. पूजा करतो तेव्हाच तो पुजारी. या नयाने पाहिले तर तुळजापूरच्या दुकानांत मिळणारी देवीची छापील तसबीर दुकानात असेपर्यंत कागद आणि शाई असते, आणि घरच्या देव्हाऱ्यात तिला हळदकुंकू लागते त्या वेळी ती देवी असते. कलाछायाचित्रकारांच्या ज्या कामांची येथे तुलना केली, त्यांच्यावर कर्त्याचे नाव असते आणि शैलीवरून त्याला ओळखताही येते. या तसबिरींवर छायाचित्रकाराचे नाव सहसा नसते, आणि ते विचारावे असे घेणाऱ्यालाही वाटत नाही.