एकवीस हजारांचं खोटं

रविवारी विहारात मी पंचशील म्हणतो. सोमवारी वस्तीतल्या बायांचे अर्ज भरतो. या दोन दिवसांच्या मधे एक खोटं उभं आहे. सभेत त्यावर कुणी बोलत नाही. करतो मात्र आपण सगळेच.

पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथली एक मावशी. नवरा वारलेला, लेक सासरी, स्वतः कचरा वेचते. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० झाली. त्याच वर्षी मावशीचा अर्ज भरायला बसलो. अट अशी होती की दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे. मावशीचं नाव यादीत नव्हतं.

मी विचारलं, "मावशी, रोजचा माल किती जातो?"

"दोनशेचा जातो. कधी दीडशेचा. पाऊस लागला की कायबी नाय."

"मग आपण वीस हजार लिहू."

"म्हंजे महिन्याचं?"

"नाही, वर्षाचं."

ती हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "आरं, रविवारी तूच सांगतो ना, खोटं बोलायचं नाय म्हणून?"

मित्रांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वीस हजार लिहिले.

हिशेब करून बघा. २१,००० भागिले ३६५. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. तेही अख्ख्या घराचे. पुण्यात एवढ्यात जगणारं घर मला दाखवा. ते घर जगत नसतं, संपत असतं. म्हणजे या अटीत खरं बोलून बसणारा माणूस जवळजवळ नाहीच. सरकारने गरिबाला सांगितलं, आधी खोटा हो, मग ये.

बरं, ही रेषा काही आभाळातून पडलेली नाही. पिवळ्या रेशनकार्डाला १५,००० ची मर्यादा. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीला शहरात ५९,००० ची. आणि २०२४ साली लाडकी बहीण आली तेव्हा तिची मर्यादा अडीच लाख, पैसे तेच १,५००. तोच महिना, तीच रक्कम, तेच सरकार. पण विधवेला, निराधाराला एकवीस हजार! गरीब कोण, हे भूक ठरवत नाही. कोणता कागद पुढे आहे आणि निवडणूक किती लांब आहे, त्यावर ते ठरतं.

मग अशा रेषेपुढे बोललेलं खोटं हे खोटं आहे काय?

एक कार्यकर्ता म्हणतो, आहे. तत्त्व म्हणजे तत्त्व. मला हे पटत नाही. तुझं शील शुद्ध राहतं आणि त्याची किंमत मावशीची चूल भरते. दुसऱ्याच्या उपासावर पाळलेलं शील कसलं?

दुसरा म्हणतो, अन्यायी अटीपुढे सगळं चालतं. बिनधास्त भर. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. पण मावशीला पैसे सुरू झाले आणि वेगळंच दिसलं. ती मोर्चाला यायची बंद झाली. का, तर "कुणी तपास काढला तर?" तिचं खरं उत्पन्न दाखला काढून देणाऱ्या एजंटाला माहीत, वस्तीतल्या पुढाऱ्याला माहीत. आणि मलाही माहीत. तिच्या मानेवर आम्हा तिघांचाही हात. जो हक्क खोट्याने मिळतो तो उपकारच होऊन बसतो. कुणीही, कधीही काढून घेईल.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. आपण हजारो अर्जांवर वीस हजार लिहितो. कचेरीतल्या फायली काय सांगणार? अट बरोबर आहे, बघा, माणसं बसतात की तिच्यात! ज्या अटीने आपला गळा धरला, तिच्या बाजूने साक्ष आपणच देतो.

महाडचं तळं आठवा. २० मार्च १९२७. रात्री गुपचूप घागर भरून आणली असती तर तहान भागली असती. पण तळं बंदच राहिलं असतं. बाबासाहेब दिवसाढवळ्या, हजारोंना घेऊन गेले. पाणी तेच. फरक उघडपणाचा.

पुण्यात हे झालेलंही आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया म्हणाल्या, आम्ही काम करतो, आमची कामगार म्हणून नोंद करा. महापालिकेने ओळखपत्रं मान्य केली. अस्वच्छ व्यवसायातल्या पालकांच्या मुलांची शिष्यवृत्ती यांच्याही मुलांना मिळावी म्हणून संघटना झगडली. त्या शिष्यवृत्तीला उत्पन्नाची अट नाही. काय काम करता, एवढाच सवाल. तिथं बाईला खोटं बोलावं लागत नाही, मान वर करून कागद पुढे करता येतो.

मग मावशीचं काय? मी लिहिलेले वीस हजार मी खोडणार नाही. ते खोटं माझ्या खात्यावर आहे, तिच्या नाही. पण आता मी एक वही ठेवली आहे. प्रत्येक अर्जामागचं खरं उत्पन्न तिच्यात लिहितो, नाव न लिहिता. आणि ज्यांच्या घरात दोन वेळची सोय आहे अशांना विचारतो, खरा आकडा लिहून अर्ज टाकता का? नामंजुरी लेखी घेऊ. अशी शंभर नामंजुरीपत्रं जमली की ती आणि ही वही घेऊन कचेरीवर जाऊ. उपाशी माणसाला मी हे विचारत नाही. विचारायचा हक्क मला नाही.

आतापर्यंत सातजणी तयार झाल्या. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "माझं बी खरं लिव्ह त्या वहीत."

लिहिलं.