त्याला वेगाचं वेड नव्हतं

मोटरसायकलवाला रस्त्यावर गेला की पहिला प्रश्न ठरलेला: हेल्मेट होतं का? दुसरा: स्पीड किती होता? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्यात आणि गेलेल्यात काहीतरी फरक आहे, एवढी खात्री त्याला हवी असते. आमच्या मित्राच्या बाबतीत तो फरक सापडत नाही. हेल्मेट होतं, पट्टाही लावलेला होता. वेग साठच्या आसपास. सकाळची वेळ, लख्ख ऊन, कोरडा रस्ता. पुणे-सातारा महामार्गावर एका ढाब्यासमोर दुभाजक फोडून वाट केलेली आहे. पलीकडून आलेला टेम्पो त्या वाटेतून वळला आणि याच्या पुढ्यात आडवा झाला. आमचे दोघे मागेच होते. त्यांनी सगळं पाहिलं.

तेराव्यापर्यंत या मरणाच्या दोन कहाण्या तयार झाल्या. घरातली वडीलधारी म्हणाली, वेळ भरली होती. त्याच्या आईला रात्र काढायला ते वाक्य लागतं, तिच्याशी मी वाद घालणार नाही. दुसरी कहाणी मात्र आमची, गाडीवाल्यांची. चौकात बॅनर लागला, ‘वेगाचा बादशहा’. स्टेटसवर फिरलं, आवडतं तेच करताना गेला. मला या कहाणीचा राग येतो. दोन्हींमधून टेम्पो गायब होतो, पण दुसरी वर गेलेल्यालाच जबाबदार धरते.

निघण्यापूर्वी हा माणूस प्रत्येकाच्या गाडीपाशी उकिडवा बसून चेन बोटाने वर उचलून बघायचा. ढिली वाटली तर पाना काढायचा, मग बाकीच्यांनी कितीही कुरकुर केली तरी अर्धा तास तिथेच. खंबाटकीत वळणावर कोणी ट्रकला ओव्हरटेक केला, तर घाट उतरल्यावर त्याच्याशी चहा होईपर्यंत बोलायचा नाही. मोटरसायकल त्याला आवडायची ती रस्त्याकडे लक्ष द्यायला लावते म्हणून. अशा माणसाला मेल्यावर वेगाचं वेड चिकटवणं हा अन्याय आहे.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला होता. १९८१ साली अहवाल आला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांत सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या चालकाने मोटरसायकलच्या हक्काच्या वाटेत घुसखोरी केली होती. ‘दिसलाच नाही’ हे अशा चालकांचं नेहमीचं उत्तर. त्यात तथ्यही आहे. समोरून येणारी बारीक वस्तू डोळ्याला असते त्याहून लांब आणि सावकाश येणारी वाटते. म्हणून तर वळणाऱ्याने दुसऱ्यांदा बघायचं असतं. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. दिवसाला दोनशेहून जास्त. एवढ्या सगळ्यांची वेळ भरलेली असते का?

बॅनरवरच्या शब्दांची किंमत घरच्यांना मोजावी लागते, हे मला त्याची गाडी सोडवायला गेलो तेव्हा कळलं. पोलीस ठाण्याच्या आवारात ती भिंतीला टेकवून ठेवलेली, पुढचा फोर्क मागे वाकलेला, टाकीवर खडूने गुन्हा नंबर. सुपुर्दनाम्यावर सही करताना सोबतचे वकील सांगत होते की न्यायाधिकरणात मृताचं वय आणि उत्पन्न यांवरून भरपाई ठरते, आणि मृताचाही दोष निघाला तर त्या प्रमाणात ती कापली जाते. समोरचा वकील वेगावरच बोट ठेवणार. आणि आम्ही आमच्या हाताने चौकात लिहून ठेवलेलं, वेगाचा बादशहा.

बॅनर त्याच संध्याकाळी उतरवला. स्टेटस ज्याचं त्याने काढलं. काही जण नाराज झाले, मित्राला साधी श्रद्धांजलीही द्यायची नाही का म्हणाले. मला वाटतं, तो कसा गेला हे जसंच्या तसं सांगणं, पुन्हा पुन्हा, कंटाळा न करता, ही त्याला द्यायची पहिली श्रद्धांजली आहे. रडणं त्याच्या आड येत नाही.

दरवर्षी त्याच्या नावाने राइड काढायची असं मुलं म्हणतात. काढू. त्याआधी तारीख आहे. मागे असलेल्या त्या दोघांना साक्षीला उभं राहून सांगायचंय की वेग साठच होता, टेम्पोने इंडिकेटर दिला नव्हता, आणि याने ब्रेक मारला होता.